चिंचोक्यांचा डाव

तुम्हाला पत्ते कुणी शिकवले, असं मला विचारलं की मी सरळ सांगते, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या फ्लोरी आंटीनं. ऐकणाऱ्याची भुवई वर जाते. शाळेतल्या बाई, बुद्धविहाराच्या सेक्रेटरीची मुलगी, आणि पत्ते! त्यातही रमी नाही, झब्बू नाही, चक्क पोकर. मग मी घाईनं सांगते की पैशाचा त्यात नावालाही संबंध नव्हता, आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. तेवढ्यानं भुवई खाली येत नाही, पण माणूस हसतो. आणि हसलेल्या माणसाला गोष्ट सांगता येते.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, कॉलनीच्या अगदी शेवटच्या ओळीत. मागच्या भिंतीपलीकडं यार्ड होतं. दिवसभर शंटिंग चालायचं, एक डबा दुसऱ्याला आदळला की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र तो आवाज थांबला तरच चुकल्यासारखं व्हायचं. त्यातच आईच्या शिलाई मशीनची घरघर. आई कॉलनीतल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि तिच्या हातची बाही जिला एकदा बसली ती बाई दुसऱ्या शिंप्याकडं गेली नाही. स्वयंपाकाचं मात्र तिला कधी प्रेम नव्हतं. दोन ब्लाउजांच्या मधे तो उरकायचा. भाजी स्टोव्हवर आणि मन कुणाच्या तरी गळ्याच्या पट्टीत, अशी तिची तऱ्हा. त्यामुळं मिठाचं आमच्याकडं कधी जमलंच नाही. बहुतेक वेळा पडायचंच नाही, आणि एखाद्या वेळी दोनदा पडायचं.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत केबिनमन होते. मूळचे भीमेकाठच्या वडगाव रासाईचे. सिग्नलच्या केबिनमधल्या लोखंडी लिव्हर ओढून त्यांचे दंड टणक झाले होते आणि बोलणंही तसंच टणक. गाडीला रस्ता दिला म्हणजे दिला, तिथं अर्धवट खरं चालत नाही, आणि आप्पांनी तोच नियम घरातही लावला होता. वॉर्डातल्या विहाराचे ते सेक्रेटरी. दारू आणि जुगार यांवर ते बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतली माणसं हळूच चपला शोधायला लागत. पण जेवायला बसल्यावर याच आप्पांचं काहीतरी व्हायचं. पहिला घास घेत, क्षणभर थांबत, आणि म्हणत, "आमटी झकास झालीया." म्हणताना त्यांची बोटं शर्टाच्या दुसऱ्या बटनाशी जात आणि ते बटन गोल गोल फिरवत राहत. मी मिठाच्या बरणीकडं हात नेला की माझ्यावर डोळे वटारत. आईकडं बघत आणि पुन्हा म्हणत, "झकास." तोवरच्या उभ्या आयुष्यात मी आप्पांना खोटं बोलताना पाहिलं होतं ते फक्त आईच्या आमटीसमोर.

फ्लोरी आंटी आमच्यापासून चार ओळी सोडून राहायची. तिचा नवरा मेल गाड्यांचा ड्रायव्हर होता. तो जिवंत असताना दोघं रेल्वेच्या क्लबात जोडीनं पोकर खेळत. तो गेला, मुलं परदेशी स्थायिक झाली, आणि आंटीकडं उरला पत्त्यांचा एक कॅट, कडा झिजलेला. मी, नसीम आणि मंगल अशा तिघी कॉलेजच्या मैत्रिणी तिच्याकडं इंग्रजी बोलायला शिकायला जायचो. दोन-तीन रविवार तिनं आमच्याकडून हवापाण्यावर वाक्यं म्हणून घेतली. मग एका दुपारी वही मिटून ठेवली आणि म्हणाली, "इंग्लिश बाद में. पहले कोई मेरे साथ खेलो, नहीं तो मैं मर जाऊँगी." इंग्रजी तिथंच राहिलं. त्याची कसर माझ्या बोलण्यात अजून दिसते.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला पाच पत्ते. नको असलेले एकदाच बदलून घ्यायचे. जोडी लागली तर बरं, दोन जोड्या लागल्या तर अधिक बरं, पाचही पत्ते एका रंगाचे, सगळेच बदाम किंवा सगळेच इस्पिक, जमले तर फारच उत्तम. मग मधे चिंचोके सरकवायचे. दुसऱ्यानं एक तर तेवढेच सरकवून "बघते" म्हणायचं, नाही तर पत्ते टाकून द्यायचे. सगळी मजा अशी की हातात काही नसतानाही भारी पत्ते असल्यासारखे चिंचोके सरकवता येतात, आणि समोरची घाबरून टाकून देते. चिंचोके मंगल आणायची. तिच्या वडिलांच्या मळ्यात बांधावर दोन चिंचा होत्या. पाटलाची मुलगी, पिशवी भरून आणायची आणि खेळायचीही तशीच, मूठ भरून लावायची, हरली तर पिशवीत पुन्हा हात घालायची. नसीमचा उपाय वेगळा. ती सतत बोलायची. पत्ते चांगले असोत की वाईट, मामेबहिणीच्या लग्नापासून कॉलेजच्या शिपायापर्यंत तिची गाडी थांबायचीच नाही, त्यामुळं तिच्या तोंडावरून काही कळायची सोय नव्हती. आंटी बटाट्याचे चॉप तळायची, पेरूची वडी कापायची, आणि बशीत मीठ असायचं, चिमटीनं घ्यायला. मी ते मीठ नुसतंच चाटायची.

आणि मी? मी गप्प बसून बघायची. घरात मी आज्ञाधारक, कॉलेजात बाकाच्या टोकाला बसणारी. त्या टेबलाशी मात्र कुणी मला काय करायचं ते सांगत नव्हतं. पत्ते माझे, चिंचोके माझे, टाकायचं की भिडायचं हेही मीच ठरवायचं. पहिल्यांदा हातात नुसती कचराकुंडी असताना मंगलला पत्ते टाकायला लावले, तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी रुळांच्या कडेनं अक्षरशः पळत गेले. आजही तो आनंद आठवला की मी कबूल करते, परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हा त्याच्या निम्माही झाला नव्हता.

तर एका रविवारी मी फारच जिंकले. आंटी म्हणाली, घेऊन जा, पुढच्या वेळी आण. मी पर्सभर चिंचोके घरी आणले आणि खुंटीला पर्स अडकवून आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर खमंग वास. आईला पर्समधे सुई-दोरा शोधताना चिंचोके सापडले होते. पोरीनं भाजायला आणलेत असं तिला वाटलं आणि तिनं ते सगळेच्या सगळे तव्यावर घेतले होते. ड्यूटीवरून आलेले आप्पा पाटावर बसून एकेक फोडून खात होते. मला रडूच कोसळलं.

"आई! अगं, ते माझे जिंकलेले होते!"

आईचं उलथनं हातातच राहिलं. आप्पांनी तोंडातला चिंचोका एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

"जिंकल्याले?" ते म्हणाले. "कशात जिंकल्याले?"

मला खोटं बोलता आलं असतं. दर रविवारी मी त्याचीच तर तालीम करत होते. पण आप्पांच्या समोर ते जमेना. सगळं सांगितलं. आप्पा ऐकत राहिले. मधेच आईनं काळजीनं विचारलं, "भाजलेत का पन नीट?" आणि त्या तसल्या रागातही आप्पांचा हात बटनाकडं गेला. "झकास भाजलेत," ते म्हणाले. मिठाचा पत्ता नव्हता.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. पुढच्या वर्षापासून मी शिरूरला आत्याकडं राहून कॉलेज करायचं. शिरूर मला ठाऊक होतं. सुट्टीत मी तिथं राहून आले होते. घोडनदीचं गाव, चांगलं होतं, आत्याही मायेची. पण खाली पिठाची गिरणी, वर आत्याची खोली, आणि दिवसभर माझ्याशी बोलणारी ती गिरणीच. नसीम नाही, मंगल नाही, आंटी नाही. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसायचं आणि ज्या एका टेबलाशी मी मी होते ते मागं सोडायचं, या कल्पनेनंच मला गुदमरायला व्हायचं. गंमत अशी की आज मी हे सगळं शिरूरमधेच बसून लिहिते आहे, नोकरीनं आणलं आणि माझ्या खुशीनं राहिले. पण खुशीनं येणं वेगळं आणि धाडलं जाणं वेगळं.

पुढच्या रविवारी आप्पा स्वतः आंटीला समज द्यायला निघाले. मीही मागोमाग. नसीम आणि मंगल आधीच तिथं येऊन बसल्या होत्या. आंटीनं दार उघडलं, खुर्ची पुढं केली. आप्पा बसले नाहीत.

"ह्यो नशिबाचा खेळ हाय, बाई," ते म्हणाले. "आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या नशिबाच्या नावानं सोसलं. माझी लेक नशिबावर बसनारी नको मला."

आंटी काही म्हणायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "नशिबाचा न्हाई, आप्पा. डोक्याचा हाय."

आप्पांना उलटून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मला वाटलं, संपलं. पण आप्पांचा एक गुण होता. पुराव्याला ते कधी नाही म्हणत नसत.

"डोक्याचा म्हंतीस?" ते सावकाश म्हणाले. "मंग दाखव. चांगलं पत्तं आल्यावर कुनीबी जिंकंल. हलकं पत्तं हातात आस्ताना माझ्याशी जिंकून दाखव. जमलं, तर हितंच ऱ्हा, खेळ बी. न्हाई जमलं, तर गुमान शिरूर."

"आपको खेल आता है?" आंटीनं विचारलं.

"शिकवा की," आप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

केबिनची नियमावली पाठ करणारा माणूस तो. त्यानं पोकरही तसाच पाठ केला. जोडीवर काय, तीन सारख्यांवर काय, कोणता पत्ता बदलायचा, सगळं विचारून घेतलं. फक्त एका ठिकाणी अडले. हातात काही नसताना चिंचोके लावायचे, हे आंटीनं समजावलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हंजी खोटं बोलायचं?" आंटी हसली. "बोलना नहीं है साब, सिर्फ लगाना है." आप्पांना ते पटलेलं दिसलं नाही. आम्हा तिघींचं तेव्हाच एकमत झालं की आप्पा चिंचोके लावतील तेव्हा त्यांच्याकडं पत्ते असणारच. आणि अशा माणसाला हलक्या पत्त्यांवर हरवायचं कसं? नसीम तर म्हणाली, "सुजाता, तू कपडे भरायला घे."

डाव आमच्याच घरी व्हायचा असं आप्पांनी ठरवलं. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. कुणालाही आत डोकावता यावं आणि पैसा नाही हे दिसावं, म्हणून. आईनं मशीन खिडकीशी सरकवलं आणि कुणाचं तरी ब्लाउज घेऊन बसली. त्याआधी तिनं सगळ्यांना पोहे दिले. मंगलच्या घरातलं कुणी आमच्या क्वार्टरमधे तोवर पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. ती मांडी घालून बसली आणि दोन बशा पोहे खाल्ले. पोह्यांत मीठ नव्हतं. आंटीनं चमचा खाली ठेवून इकडंतिकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "पोहे झकास," आणि शर्टाचं बटन फिरवलं.

सतरंजीवर मी आणि आप्पा समोरासमोर, दोघांपुढं मंगलनं भरून ठेवलेला चिंचोक्यांचा एकेक डबा. पत्ते वाटायला आंटी. आप्पा रेल्वेसारखे खेळले. पत्ते असले की लावत, नसले की टाकत. त्यांनी लावलं की मी टाकायची, मी लावलं की ते बहुतेक टाकायचे. चिंचोके इकडून तिकडं, तिकडून इकडं. दोन-तीन डाव मी मोठे जिंकले, पण प्रत्येक वेळी पत्ते चांगले. आप्पा मान हलवत. "ह्ये नशीब झालं. ह्ये धरायचं न्हाई." दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या. यार्डात डबे आदळत होते, बशा किणकिणत होत्या.

मग तो डाव आला. मला पंजीची जोडी, बाकी सगळं फुटकळ. तीन पत्ते बदलले, काही सुधारलं नाही. आप्पांनी एकच पत्ता बदलला. एकच बदलला याचा अर्थ उरलेले चार त्यांच्या कामाचे होते. त्यांनी आलेला पत्ता पाहिला, हातातल्या पत्त्यांत लावला, आणि सगळा डबा दोन्ही हातांनी पुढं सरकवला. त्यांच्यापेक्षा माझ्या डब्यात जेमतेम मूठभर जास्त होते. नसीमचं बोलणं त्या दिवसात पहिल्यांदा थांबलं. मंगलनं माझ्या मांडीला चिमटा काढला, टाक म्हणून. बरोबरच होतं तिचं. आप्पांनी सगळं लावलं म्हणजे पत्ते असणारच. मीही पत्ते खाली ठेवायला हात उचलला.

"इचार कर बाळा," आप्पा म्हणाले. "पत्तं झकास हायत माझं."

माझा हात तिथंच थांबला. तो शब्द ऐकून माझ्या जिभेवर एकदम बिनमिठाची आमटी आली. मी वर पाहिलं. आप्पांचा चेहरा केबिनमधला, दगडासारखा. पण उजव्या हाताची बोटं शर्टाच्या दुसऱ्या बटनाशी होती, आणि बटन गोल गोल फिरत होतं.

"बघते," मी म्हटलं, आणि माझा डबा पुढं ढकलला.

मंगलनं डोळे झाकून घेतले. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग एकेक पत्ता उलटा केला. बदाम. बदाम. बदाम. बदाम. आणि शेवटी एक काळी, किलवरची सत्ती. पाचवा बदाम आलाच नव्हता. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मी माझ्या दोन पंज्या सतरंजीवर ठेवल्या आणि नसीमनं अशी किंकाळी फोडली की बाहेरून जाणारा गँगमन धावत आला. मंगल मला घट्ट मिठी मारून हलवत होती. आंटी उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि दारातल्या बायका काही न कळताच तिच्याबरोबर वाजवत होत्या. मी जिंकले होते! नशिबानं नाही, दोन फालतू पंज्यांवर, माझ्या डोक्यानं. तीस वर्षं होऊन गेली, अजून तो क्षण आठवला की माझी पाठ ताठ होते.

"पंजीच्या जोडीवर तू समदं लावलंस?" आप्पांचा विश्वास बसत नव्हता.

"पत्त्यांवर न्हाई लावलं, आप्पा. तुमच्यावर लावलं."

"पन कळलं कसं तुला?"

खिडकीशी आई बसली होती. आता काय सांगणार? की तुम्ही आईच्या आमटीला झकास म्हणताना जे करता तेच आत्ता केलंत? इतक्या वर्षांचं त्यांचं ते एकुलतं खोटं मी भरल्या घरात उघडं पाडलं असतं. "आसंच," मी म्हटलं. "वाटलं मला." आप्पा मोठ्यानं हसले. हरल्यावर इतक्या आनंदानं हसणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. उठून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दारातल्या बायकांना सांगितलं, "डोक्याचा खेळ हाय. माझ्या लेकीनं शाबीत केलं." शिरूरचा विषय तिथंच संपला.

संध्याकाळी आप्पा ड्यूटीवर गेले. आई त्यांचा तोच शर्ट मांडीवर घेऊन बसली होती, हातात सुई. दुसरं बटन लोंबत होतं.

"बटनावरनं वळखलंस ना?" तिनं वर न बघता विचारलं.

मी त्या लोंबत्या बटनाकडं बघितलं.

"आगं, बाकीची बटनं शर्ट फाटंस्तवर टिकत्यात. ह्ये दुसरं मातुर म्हयन्याला मला लावावं लागतं. शिवनारीन हाय मी, येवढं कळायचं न्हाई व्हय?"

"मग तुला माहीतय? मीठ नसतं ते?"

"माज्या तोंडाला चव न्हाई का?"

"मग टाकत का न्हाईस नीट?"

आईनं गाठ मारली. दातानं दोरा तोडला. आणि मग अशी हसली, की ती कधीकाळी माझ्या वयाची होती हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

"मीठ बराबर पडलं की तुजे आप्पा मुकाट जेवून उठत्यात. कमी पडलं की माज्याकडं बगून झकास म्हनत्यात." तिनं शर्टाची घडी घातली. "फुडल्या रयवारी माजाबी डबा भरून ठिव."

आता माझ्या शिरूरच्या घरी दर रविवारी पाच बायका खेळायला जमतात. बँकेतली एक, दवाखान्यातली एक, शिक्रापूरच्या कंपनीत क्वालिटीला असलेली एक चुणचुणीत पोरगी, मी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. चिंचोके अजून मंगलच्याच बांधावरचे. त्यांना मी डावपेच शिकवते तेव्हा त्या विचारतात, बाई, तुम्ही पाहिलेला सगळ्यात भारी खेळाडू कोण? फ्लोरी आंटी का? मी त्यांना त्या पुढच्या रविवारचं सांगते. आई पदर खोचून सतरंजीवर बसली, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. तिनं आधी मंगलला रिकामं केलं, मग नसीमला, मग मला, मग खुद्द आंटीला, आणि सर्वांत शेवटी आप्पांना. सगळे चिंचोके ओच्यात घालून ती स्वयंपाकघरात गेली आणि तवा ठेवला.

गरमागरम चिंचोके ताटात घेऊन ती बाहेर आली. मी एक तोंडात टाकला. मीठ अगदी बरोबर पडलं होतं. आप्पांनीही एक फोडला, चावला, आईकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं खात राहिले.